आतलं पान

उंबरपाडा, ता. नवापूर
१४ नोव्हेंबर १९३७

ती. वाहरूदादास,
धाकटी बहीण प्रमिला हिचा प्रभूच्या नावाने सलाम. वि. वि.

तुझं पत्र मागच्या बाजाराला मिळालं. पोस्टमन काही आमच्या डोंगरात चढत नाही. सगळ्या पाड्यांची पत्रं तो खालच्या रतिलाल किराणावाल्याकडे टाकतो आणि रतिलाल ती मिठाच्या पोत्यावर ठेवतो. त्यामुळे तुझ्या उपदेशाची पहिली आठ वाक्यं ओली होऊन गेली. उरलेली वाचली, पुष्कळ झाली.

इकडे भात कापून झालं. नागली खळ्यावर आहे. हे लाकडाच्या डेपोत कामाला असतात, शनिवारी घरी येतात, सोमवारी पहाटे जातात. माझ्या सासूबाई हिरीबाई आता फार थकल्या, पण कोंबड्यांच्या मागे धावायचं काही सोडत नाहीत. शाळेत माझ्याकडे अकरा मुली आहेत. त्यांतल्या दोघी बाराखडीपेक्षा भांडणात हुशार आहेत, त्यांना बघून मला आपलं लहानपण आठवतं.

आईला सांग, तिने पाठवलेली गोधडी मिळाली, ऊब छान आहे. निर्मलावहिनीला म्हणावं, नाताळच्या करंज्या यंदा तरी फुटू देऊ नकोस. सगळ्यांना सलाम. माया कमी होऊ देऊ नये.

तुझी,
प्रमिला

(घडी घातलेलं आतलं पान)

दादा, बाहेरचं पान सगळ्यांपुढे वाच, हे एकट्याने वाच. पत्र आलं की आपल्या दारात सगळा शेजार जमतो आणि तू ओट्यावर उभा राहून मोठ्याने वाचतोस. ज्यांना अक्षर येत नाही त्यांच्यासाठी ते बरोबरच आहे. म्हणूनच हे पान वेगळं घातलं.

माझ्या मार्थाला जाऊन दोन महिने झाले. ती चार वर्षांची होती हे तुला सांगायला नको, बाप्तिस्म्याला तूच तिला हातात घेतलं होतंस. ताप चढला तेव्हा मंडळीतले लोक तीन दिवस आमच्या घरात गुडघे टेकून होते. हे डेपोत होते, निरोप पोचायला उशीर झाला. तिसऱ्या दिवशी दुपारी मंडळी जेवायला गेली आणि सासूबाईंनी मागच्या दाराने भगत आणला. त्याने सुपात नागलीचे दाणे टाकून पाहिले. मार्थाच्या मनगटाला काळा दोरा बांधला. मी नाही म्हटलं नाही. सूप मीच धरलं होतं, दादा. संध्याकाळी ती गेली. तिला आंघोळ घालताना मी दोरा कापला आणि चुलीत टाकला. ह्यांना यातलं काही माहीत नाही. सासूबाईंना मी शब्द दिला आहे की कुणाला कळणार नाही.

पण मला खरं सांगायचं आहे ते दोऱ्याचं नाही. त्याला पाप म्हण, आईचं वेड म्हण. मी इतक्या हाका मारल्या आणि वरून कुणी ओसुद्धा दिली नाही, हे मला सोसत नाही. द्यायचं नव्हतं तर नाही म्हणायचं, पण बोलायचं तरी. शाळेत मुलींना प्रार्थना शिकवते, उपासनेत ओठ हलवते, आत काही नसतं. कधी वाटतं, तिथे कुणी नाहीच. तुझ्याशिवाय हे बोलावं असं मला या जगात माणूस नाही.

हे तुझ्याजवळच ठेव.


नवापूर
२ डिसेंबर १९३७

चि. प्रमिलेस,
वडील बंधू वाहरू याचे अनेक आशीर्वाद. तुझे पत्र पोचले. वाचून डोळे भरले आणि मग हसूही आले.

रतिलालला म्हणावे, उपदेश खारटच असावा, अळणी उपदेशाला कोण विचारतो? आई बरी आहे. तुझे बाहेरचे पान तिला तीनदा वाचून दाखवले. कोंबड्यांचे आले की ती हसते आणि पुन्हा वाच म्हणते. निर्मला म्हणते की करंज्या फुटतात त्या नणंदेची नजर लागून.

दुसरे पान मी गोठ्यामागे जाऊन वाचले आणि माझ्या पवित्र शास्त्रात घडी करून ठेवले. काळजी करू नकोस. मी तुझा भाऊ आहे, गावची चावडी नव्हे. तू दुःखात आहेस, दुःखात माणूस बोलतो ते प्रभू मनावर घेत नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर प्रार्थना कर, मन लागो वा न लागो. शंका ही पावसाळ्यातल्या तणासारखी असते, उपटत राहावे लागते. मी तुझ्यासाठी उपास धरला आहे.

माझीही एक काळजी सांगतो. जानेवारीत नदीकाठच्या आंबराईत आपला मेळावा आहे. दुसऱ्या दिवशीचा उपदेश मला दिला आहे. पंधरा वर्षे मी नुसता उपदेशकच आहे, माझ्यामागून आलेले पाळक झाले. यंदा मिशनच्या साहेब लोकांची समिती समोर बसून ऐकणार आहे आणि त्यावर माझी दीक्षा ठरणार आहे. निर्मलेचे मत असे की माझ्या उपदेशात लोक डुलकी घेतात. बायको आहे, ती असे बोलायचीच. तरी माझ्यासाठी प्रार्थना करावी.

तुझे ओठ तरी हलू देत. आमची आठवण ठेवावी.

तुझा,
वाहरू


नवापूर
१८ जानेवारी १९३८

चि. प्रमिलेस, अनेक आशीर्वाद.

आनंदाची बातमी! प्रभूने तुझ्या भावाला पाळक केले. समितीचा निर्णय एकमताने झाला. आईने पांढरे लुगडे नेसून पुढे बसून सर्व पाहिले.

मेळाव्यात जे घडले ते लिहायला शाई पुरणार नाही. मी सुरुवात केली तेव्हा लोक नेहमीप्रमाणे इकडेतिकडे पाहत होते. मग माझ्या मनात आले की प्रभूनेच ते पान माझ्या शास्त्रात ठेवले आहे. मी ते उघडले आणि प्रार्थनेचा विषय म्हणून मंडळीपुढे ठेवले. प्रमिले, चारशे माणसे होती. प्रथम कोणी हलेना. मग एक बाई रडू लागली, मग दुसरी. शेवटी चारशेच्या चारशे आंबराईच्या धुळीत गुडघ्यांवर आली आणि तुझ्यासाठी मोठ्याने प्रार्थना करू लागली. किती जणांनी घरातले दोरे आणि ताईत आणून तिथे जाळले! साहेबांनी माझा हात हातात घेऊन म्हटले की पंधरा वर्षांत असा उपदेश ऐकला नाही.

तुझे नाव मी घेतले नाही. माझी एक बहीण, इतकेच म्हणालो. तुझे दुःख वाया गेले नाही, मार्थाचे मरणही वाया गेले नाही, हे कळून तुझ्या मनाला शांती मिळेल. आता शंका कशाला? चारशे जणांची प्रार्थना कधी फुकट जात नाही.

तुमच्याकडच्या उपासनेचा कारभार पाहणाऱ्या वडील मंडळींतलेही काही जण आले होते. ते तुला भेटतीलच. लोभ वाढता राहो.

तुझा,
पाळक वाहरू


उंबरपाडा
६ फेब्रुवारी १९३८

पाळक वाहरू यांस, सलाम.

तुझं नाव मी घेतलं नाही, माझी एक बहीण म्हणालो, असं लिहिलंस. दादा, तुला बहीण एकच आहे. चारशे माणसांपैकी ज्याला मोजता येत नाही त्यालाही कळलं असेल.

वडील मंडळी भेटली. पाच जण आले. दारात खाट टाकली, त्यावर बसले आणि मला समोर उभं केलं. सूप उजव्या हाताने धरलं होतं की डाव्या, हेसुद्धा एकाने विचारलं. पावसाळा लागेपर्यंत मला प्रभुभोजन नाही आणि माझ्या अकरा मुली दुसऱ्या बाईकडे दिल्या. मग त्यांनी सासूबाईंना बाहेर बोलावलं. सत्तरीची म्हातारी, सुनेच्या मागे येऊन उशिरा बाप्तिस्मा घेतलेली, तिला म्हणाले की पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर उभी राहून मी भगत आणला असं कबूल कर. मी तिला शब्द दिला होता, दादा. तिने माझ्याकडे एकदाच पाहिलं आणि पदर डोक्यावरून पुढे ओढून आत गेली. त्या दिवसापासून ती उपासनामंदिराच्या वाटेलासुद्धा जात नाही. कोंबड्या कुठेही फिरतात, तिचं लक्ष नसतं.

ह्यांना कुठे कळलं, ठाऊक आहे? डेपोत, सागाचे ओंडके रचताना. कुणीतरी हसत विचारलं की तुझी बायको सूप छान धरते म्हणे. आपल्या लेकराच्या शेवटच्या दुपारी घरात काय झालं हे बापाला परक्याने सांगितलं. हे शनिवारी घरी आले. रागावले असते तर बरं झालं असतं. दोरा कुठे आहे, एवढंच विचारलं. मी चुलीत टाकला म्हटलं. मग ते बाहेर जाऊन बसले. तीन शनिवार झाले, जेवतात आणि बाहेर जाऊन बसतात.

लोक म्हणतात, परक्याने मारलं तर जखम आणि आपल्याने मारलं तर घाव. तू केसाने गळा कापलास. वर म्हणतोस, मनाला शांती मिळेल. मार्थाचं मरण वाया गेलं नाही असं लिहितोस. ते कुणाच्या कामी आलं, दादा? तुझ्या दीक्षेच्या? तुझा उपदेश कोरडा होता, लोक डुलकी घेत होते, म्हणून तू माझ्या लेकीला काढून समोर ठेवलंस.

देव नाही असं मला वाटतं, हे मी तुला सांगितलं. कारण देव नसला तरी तू आहेस असं मला वाटत होतं. आता तेही नाही. पुढे लिहवत नाही.

प्रमिला


नवापूर
२० फेब्रुवारी १९३८

सौ. प्रमिलाबाई यांस,
निर्मलेचा सलाम. तुमच्या भावाला न सांगता लिहिते आहे. माझं अक्षर वाईट आहे, सांभाळून घ्या.

तुमचं पत्र आलं तेव्हा शेजारीपाजारी जमले होते. तुमच्या भावाने पहिली ओळ वाचली आणि पत्र खिशात घातलं. सगळे कुशल आहेत म्हणाले. तुमच्या आईंनी कोंबड्यांचं काही आहे का विचारलं, तर आहे म्हणाले आणि मनानेच काहीतरी रचून सांगितलं.

बाई, मी मेळाव्यात पुढेच बसले होते. मला वाचता येतं हे तुम्हाला ठाऊक आहे. ते पान घरी शास्त्रातून पडलं तेव्हा मी उचललं होतं, ‘हे तुझ्याजवळच ठेव’ ही शेवटची ओळ माझ्या नजरेला पडली होती. वरचं मी वाचलं नाही, घडी करून ठेवलं. आंबराईत त्यांनी पान वरपासून खालपर्यंत वाचलं. शेवटच्या ओळीपाशी थांबले, ती डोळ्यांनी वाचली आणि पान मिटलं. मला वाटलं होतं की ते विसरले असतील. ते विसरले नव्हते.

हे तुम्हाला कळू नये असं माझ्या मनात दहादा आलं. पण तुमच्याशी सगळेच लपवाछपवी करायला लागले तर काय उरेल? माझ्यावर राग धरू नका. म्हातारीला माझा सलाम सांगा.

निर्मला


नवापूर
२४ एप्रिल १९३८

चि. प्रमिलेस, आशीर्वाद.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अडीच महिने लागले. पाच पत्रे लिहिली आणि फाडली. हे सहावे.

पहिल्यांदा मला तुझा राग आला. माझ्याकडे उत्तरे पुष्कळ होती. मंडळी म्हणजे एक कुटुंब, कुटुंबात दुःख वाटून घ्यावे, प्रार्थनेला विषय लागतो, असे सर्व लिहिले होते. त्यातले खोटे काही नाही. पण निर्मलेने मला एकच विचारले, की मग शेवटची ओळ का गाळलीत. तेव्हा ती पत्रे फाडली.

प्रमिले, मला पाळक व्हायचे होते. समोर समिती होती आणि लोक झोपत होते. तुझे पान उघडले तेव्हा ते सर्व जागे झाले. तुझी ओळ मला दिसली. ती वाचली असती तर पान त्यांच्यापुढे आणल्याबद्दल मीच चोर ठरलो असतो. म्हणून गाळली. आता रविवारी उपदेशाला उभा राहतो तेव्हा लोक आशेने पाहतात की आज आणखी कुणाचे पान निघते. कोणी येऊन मला मनातले सांगत नाही. बाया माझ्याशी हवापाण्याचे बोलतात आणि निघून जातात.

तुझ्या नवऱ्याला, चिंधाला, मी डेपोत जाऊन भेटलो. त्याच्या पाया पडलो. त्याने मला पाणी दिले. तुमच्या वडील मंडळींनाही लिहिले आहे की हिरीबाईंना उभे करायचे नाही, हा पाळकाचा हुकूम समजा.

जूनच्या पहिल्या रविवारी माझा फेरा उंबरपाड्याला आहे. तुझी मुदत तेव्हा संपते. प्रभुभोजन मी स्वतःच्या हाताने तुला आणि हिरीबाईंना देणार, सर्वांसमोर. मी जे सर्वांसमोर मोडले ते सर्वांसमोर जोडावे अशी इच्छा आहे. नाही म्हणू नकोस. क्षमा मागतो. पूर्वीचा लोभ परत द्यावा.

तुझा,
वाहरू


उंबरपाडा
१५ मे १९३८

ती. वाहरूदादास,
प्रमिला हिचा प्रभूच्या नावाने सलाम.

प्रभूच्या नावाने असं लिहिलं आहे आणि ते मनापासून लिहिलं आहे. ते कसं, हे तुला सांगावं की नाही याचा आठ दिवस विचार केला. सांगते, कारण हे कुणाला वाचून दाखवलंस तरी माझं आता काही जात नाही.

माझ्या मुली ज्या बाईला दिल्या ती भिकुबाई. कोरीट गावाकडची आहे, अस्सल अहिराणी बोलते, आमच्या मुलींना तिचं निम्मं कळत नाही. वडील मंडळींनी तिला मला सुधारायचंही काम दिलं होतं. होळीच्या सुमारास ती पहिल्यांदा आली, मी दारातच म्हटलं की माझं डोकं खाऊ नका. ती म्हणाली की डोकं नको, मोहाची फुलं वेचायला जोडीदारीण पाहिजे. तेव्हापासून महिनाभर आम्ही रोज उजाडताना मोहाखाली जात होतो. ती तिच्या झाडाखाली, मी माझ्या. मी तिला एकदा विचारलं की तुम्ही माझ्यासाठी प्रार्थना का करत नाही, तुम्हाला सांगितलं नाही का. तर म्हणाली, तुन्हा देव तुन्हाजोडे शे, मी कसाले मधमा बसू.

मला ते लागलं. माझ्या आणि त्याच्या मध्ये एवढी माणसं बसली होती, दादा, पहिला तू.

मग मी वेचता वेचता बोलायला लागले. प्रार्थना नव्हे, भांडण. मार्थाचं, तापाचं, दोऱ्याचं, तुझं. सासूबाईंचा चेहरा कसा झाला ते. देवा, तू नाहीसच, आणि असलास तर बहिरा आहेस, असंही म्हटलं. रोज म्हटलं. तुला लिहिलं होतं त्याच्या दसपट वाईट बोलले. रोज टोपली भरून घरी यायचे आणि वाट पाहायचे की आता कुणीतरी येईल, मला यावरून बोलेल. कुणी आलं नाही. एक दिवस टोपली खाली ठेवली आणि माझ्या लक्षात आलं की भादव्यापासून मी त्याला जे जे बोलले त्यातला एक शब्द बाहेर गेलेला नाही. तो गप्प आहे, याच गोष्टीवरून माझं त्याच्याशी तुटलं होतं. गप्प राहणं काय असतं हे तू बोललास तेव्हा कळलं.

माझ्या शंका गेल्या असं समजू नकोस. मार्थाला का नेलं याचं उत्तर मला मिळालेलं नाही, मिळेल असं वाटत नाही. पण सांगायला जागा आहे. सांगून झालं की झोप लागते. इतके दिवस मी उत्तर मागत होते, मला विसावा हवा होता.

मी ते सासूबाईंना सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की आपल्या बोलीत बोललेलं त्याला चालतं का. चालतं म्हटलं. आता ती मागच्या दारात बसून कोंबड्यांना दाणे टाकता टाकता पुटपुटते. काय ते मी विचारत नाही. ह्यांनी गेल्या शनिवारी मार्था त्या दुपारी काही बोलली का, असं विचारलं. मी सांगितलं. आम्ही दोघं रडलो. चार महिन्यांनी ते आत झोपले.

डेपोत जाऊन त्यांच्या पाया पडलास, सासूबाईंना वाचवलंस, शेवटच्या ओळीचं खरं लिहिलंस. तुला ते सोपं गेलं नसेल. मी दगड नाही, मला ते कळतं.

जूनच्या पहिल्या रविवारी ये. माझ्या हातची भाकरी खा, आईसाठी तूरडाळ घेऊन जा. मी आणि सासूबाई उपासनेला येणार आहोत, दाराजवळच्या चटईवर बसू. मुदत संपली म्हणून नव्हे, मला यायचं आहे म्हणून. पण सर्वांसमोर जोडायचं म्हणतोस ते करू नकोस. सर्वांसमोर तू एकदा माझं काढलंस तेवढं पुरे. प्रभुभोजनाचं ताट घेऊन आमच्यापाशी आलास की सासूबाईंना दे, तिला ते हवं आहे. माझ्यापाशी थांबू नकोस, पुढे जा. कुणी पाहील, विचारील, त्याला काय उत्तर द्यायचं ते तू पाहा. दुसरा कुणी पाळक आला की त्याच्या हातून मी घेईन.

देवाशी माझं मिटलं आहे, दादा. तुझ्याशी नाही.

लोभ मागितलास, तो रक्तातच आहे, तो कुठे जाणार? विश्वास मागू नकोस.

तुझी बहीण,
प्रमिला